बोरू आणि कुंचला

सू शी हा अकराव्या शतकातला चिनी सरकारी अधिकारी. कविता करायचा, राजकारणात तोंडघशी पडला, १०८० मध्ये हुआंगझोला हद्दपार झाला. बांबू आणि खडक रंगवणं हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. हुबेहूबपणावरून चित्राची पारख करणाऱ्याला तो पोरकट समजे. पुढे मिंग काळात दोंग छीछांग (१५५५–१६३६) या बड्या अधिकाऱ्याने अशा विद्वान-चित्रकारांची वंशावळच मांडली आणि पोटासाठी रंगवणाऱ्यांना खालच्या पंगतीला बसवलं.

हे सोवळं अर्थात पुरतं पाळलं गेलं नाही. अधिकारपद सोडून यांगझोला आलेल्या झंग बानच्याओने १७५९ साली आपल्या चित्रांचं दरपत्रकच लिहिलं. भेटवस्तू नकोत, चांदी द्या!

अधिकाऱ्याला चित्र जमलं याचं कारण हत्यारात आहे. तिथे लिहायचं तेही कुंचल्यानेच. बांबूचं एक पेर म्हणजे कुंचला टेकवायचा, वर ओढायचा, थांबवून उचलायचा. मधे सोडलेल्या बारीक फटीत गाठ आपोआप दिसते. अक्षरं गिरवून मनगटाला लागलेलं वळणच इथे कामी येतं. शिवाय कविता, सही, शिक्का, सगळं त्याच कागदावर.

आपल्याकडे लिहायला बोरू. तिरप्या टोकाचा, ताठ. रंगांचं काम चिताऱ्यांचं, म्हणजे वेगळ्या जातीचं आणि वेगळ्या आळीतलं. वणीचे लोकनायक बापूजी अणे संस्कृत कवी होते, पुढे बिहारचे राज्यपाल झाले. चिनी मापाने असा माणूस कुंचला हाती धरणारच. आपल्या पंडिताकडून ती अपेक्षाच नव्हती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत, पण ते अपवाद.

बोरू आणि कुंचल्यातली ही फट विसाव्या शतकात बुजू लागली. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले अरुण कोलटकर जाहिरातीतले नावाजलेले कलाकार होते आणि कवीही. द. ग. गोडसे चित्रं काढता काढता इतिहास लिहीत. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ मराठीत लिहिलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या बेलोऱ्यात १९४२ साली जन्मलेले वसंत आबाजी डहाके या मालिकेत ठळक दिसतात: मराठीचे प्राध्यापक, कवी, कादंबरीकार, समीक्षक आणि चित्रकारही. ‘योगभ्रष्ट’ हा कवितासंग्रह १९७२चा, ‘चित्रलिपी’ या संग्रहाला २००९चा साहित्य अकादमी पुरस्कार. २०१२ मध्ये चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

माणसं आहेत, नजर नाही. लेखकाचं चित्र मुखपृष्ठावर किंवा दिवाळी अंकाच्या कोपऱ्यात जातं आणि तिथे ते सजावट ठरतं. कवितेचा समीक्षक रेषेपाशी थबकतो. चित्राचा समीक्षक कवितासंग्रह उघडत नाही. डहाक्यांच्या कवितेवर भरभरून लिहिलं गेलं. त्यांच्या चित्रकलेची बोळवण मात्र बहुतेक वेळा लेखक-परिचयातल्या ‘चित्रकार’ या एका शब्दावर होते, तोही यादीच्या शेवटी.