चौकोनाची साक्ष

कोणत्याहि कलाकृतीपुढें रसिक उभा राहिला कीं त्याच्या मनांत दोन निरनिराळे प्रश्न उत्पन्न होतात. या कृतींत काय साधलें आहे, हा पहिला. आणि कर्त्याला काय साधावयाचें होतें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कृतींतच शोधावयाचें असतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र बहुधा कृतीच्या बाहेर, कर्त्याच्या पत्रांत, टिपणांत आणि हस्तलिखितांतील खाडाखोडींत विखुरलेलें असतें. वक्त्याच्या मनांतील हेतूला आपल्या व्याकरणशास्त्रानें ‘विवक्षा’ असें स्वतंत्र नांव दिलें आहे, यावरून हा भेद किती जुना आहे तें ध्यानांत येईल. इंग्रजी टीकावाङ्मयांत विम्साट व बीअर्डस्ली या दोघांनीं १९४६ सालीं एका निबंधांत असें प्रतिपादन केलें कीं, कर्त्याच्या हेतूवरून कृतीची योग्यता ठरविणें हा एक हेत्वाभासच होय. तेव्हांपासून महाविद्यालयांच्या वर्गांतून हा वाद चालू आहे, आणि तो मिटण्याचें कांहीं चिन्ह दिसत नाहीं.

हाच वाद आतां एका अनपेक्षित क्षेत्रांत शिरला आहे. डिजिटल कॅमेऱ्यानें काढलेल्या प्रत्येक छायाचित्राच्या फाईलींत चित्राबरोबर पुष्कळशीं टिपणें दडलेलीं असतात. त्यांसच मेटाडेटा म्हणतात. दिवस व वेळ, भिंगाच्या छिद्राचें मान, शटरचा वेग या गोष्टी त्यांत असतातच. पण कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसचा रोंख चौकटींतील कोणत्या जागेवर होता, हेंहि बहुतेक कॅमेरे लिहून ठेवतात. छायाचित्रांचा संग्रह राखणाऱ्या कांहीं सॉफ्टवेअरांत हें टिपण वाचून चित्रावर त्या जागीं एक लहानसा चौकोन काढून दाखविण्याची सोय असते. कॅननचें ‘डिजिटल फोटो प्रोफेशनल’ आणि निकॉनचें ‘एनएक्स स्टुडिओ’ हीं आपापल्या कॅमेऱ्यांपुरती ही सोय करतात. ॲपलच्या ‘ॲपर्चर’मध्यें ती होती, पण त्याची विक्रीच २०१५ सालीं बंद झाली. ‘डिजिकॅम’ या मुक्त सॉफ्टवेअरांत ती आहे. आणि ‘लाइटरूम’ वापरणाऱ्यांस ती हौशी मंडळींनीं स्वतंत्र जोडणी लिहून मिळवून दिली. हा चौकोन हेंच प्रस्तुत परीक्षणाचें पुस्तक आहे, असें वाचकांनीं समजावें.

एके काळीं फोकस जुळविण्याचें काम मनुष्याचा हात करीत असे. भिंगावरील कडें फिरवीत जावें आणि प्रतिमा मनासारखी दिसली कीं थांबावें. थांबण्याचा निर्णय डोळ्याचा. १९७७ सालीं कोनिका कंपनीनें आपोआप फोकस जुळविणारा सी-३५ एएफ हा कॅमेरा बाजारांत आणला, आणि १९८५ सालीं मिनोल्टा ७००० नें तीच किमया भिंगें बदलतां येणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यांत यशस्वी करून दाखविली. त्या कॅमेऱ्याची नजर चौकटीच्या मध्यावर खिळलेली असे. पुढें २००७ च्या निकॉन डी-३ मध्यें अशा नजरेच्या जागा ५१ झाल्या, २०१६ च्या डी-५ मध्यें १५३. आणि आरसा नसलेले आजचे कॅमेरे तर चौकटींत जवळजवळ कोठेंहि मनुष्याचा डोळा ओळखून त्यावर नजर ठेवतात. याचा अर्थ असा कीं, कोठें पाहावें हा निर्णय आतां सर्वस्वीं मनुष्याचा राहिलेला नाहीं. चित्राचे कर्ते दोन झाले आहेत. चौकोन दाखवितो तो त्या दोघांच्या विचारविनिमयाचा शेवट. त्यांत शब्द कोणाचा चालला, हें नुसत्या चौकोनावरून कळत नाहीं.

आतां हें टिपण कोणत्या लिपींत लिहिलें जातें तें पाहूं. डिजिटल चित्रांच्या टिपणांसाठीं जपानमध्यें १९९५ सालीं ‘एक्झिफ’ नांवाचें मानक ठरलें. त्यांतील सामान्य बाबींचे रकाने निश्चित आहेत व ते कोणासहि वाचतां येतात. पण ‘मेकरनोट’ नांवाचा एक रकाना असा आहे कीं, त्यांत काय लिहावें व कसें लिहावें हें सर्वस्वीं कॅमेरा बनविणाऱ्यावर सोपविलेलें आहे. ऑटोफोकसचें तपशीलवार टिपण बहुधा याच पेटींत पडतें. सोनीच्या टिपणांत चार आंकडे असतात : चित्राची रुंदी, उंची आणि त्यांतील फोकसचें स्थान दाखविणारे दोन. पॅनासॉनिक तेंच स्थान शून्य ते एक यांमधील अपूर्णांकांनीं सांगतें. कॅनन आपले चौकोन चौकटीच्या मध्यबिंदूपासून मोजतें. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतहि पुष्कळदां भेद पडतो. मोडी न येणाऱ्या मनुष्यापुढें पेशवे दप्तरांतील रुमाल सोडून ठेवावा, तशी ही स्थिति आहे. कागद हातांत आहे, शाई ठळक आहे, पण वाचतां येत नाहीं.

या मोडीचें वाचन ज्यांनीं सर्वांस सुलभ केलें, ते कोणत्याहि कॅमेरा-कंपनीचे नोकर नव्हते. कॅनडांतील फिल हार्वे यांनीं २००३ सालीं ‘एक्झिफटूल’ हें साधन प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून शेंकडों कॅमेऱ्यांचीं टिपणें त्याच्या योगानें उलगडलीं गेलीं. लाइटरूमची वर सांगितलेली जोडणीहि याच साधनाच्या आधारानें वाचते. किल्ली मालकांनीं दिली नाहीं. ती जिज्ञासूंनीं घडविली. २००५ सालीं निकॉननें डी-२-एक्स कॅमेऱ्याच्या फाईलींतील पांढऱ्या रंगाच्या तोलाचें टिपण सांकेतिक करून टाकलें, तेव्हां फोटोशॉपच्या जनकांपैकीं एक थॉमस नॉल यांनीं त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली होती. तो प्रश्न रंगाचा होता, फोकसचा नव्हे. तरी तत्त्व एकच. ज्यानें चित्र काढलें त्याच्याच चित्राविषयींचें टिपण त्याला वाचतां येऊं नये, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

चौकोनाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग निश्चित आहे, आणि तो विशेषतः शिकणाऱ्यास आहे. चेहरा अस्पष्ट आला, एवढेंच चित्र सांगतें. कां आला, हें सांगत नाहीं. चौकोन मागच्या भिंतीवर पडलेला दिसला तर नेम चुकला असें समजतें. तो चेहऱ्यावरच असेल तर हात हालला, मूल हाललें, किंवा भिंगाच्या जुळणींत दोष आहे, यांपैकीं एकादें कारण शोधावें लागतें. गणिताच्या शिक्षकाला विद्यार्थ्याच्या वहींतील कच्चें काम पाहून चूक कोठें झाली तें जसें कळतें, नुसत्या उत्तरावरून कळत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. ज्या सोयीनें मनुष्य आपलें काम आपणच तपासूं लागतो, तिला क्षुद्र म्हणतां येत नाहीं.

परंतु साक्षीदार उपयोगी आहे एवढ्यावरून तो निर्णायक ठरत नाहीं. त्याची उलटतपासणी झाली पाहिजे. पुष्कळ लोक मधल्या जागेनें फोकस धरतात आणि मग कॅमेरा किंचित् वळवून चौकट साधतात. अशा चित्रांत चौकोन चौकटीच्या मध्यावरच राहतो. तेथें आतां रिकामी भिंत असली तरी त्याला त्याची वार्ता नसते. आरशाच्या कॅमेऱ्यांत फोकस पाहणारा भाग निराळा व चित्र घेणारा भाग निराळा असल्यामुळें दोहोंत सूक्ष्म अंतर राहून जातें. तेव्हां चौकोन डोळ्यावर आणि स्पष्टता कानावर, असें घडतें. धांवणारें मूल फोकस व शटर यांमधील निमिषांत पुढें सरकतें. चित्र कापलें किंवा फिरवलें तर सॉफ्टवेअरनें चौकोनाचें स्थानहि त्याप्रमाणें बदलावयास हवें. तें न बदलल्यास तो भलत्याच ठिकाणीं जाऊन बसतो. दुसऱ्या एकाद्या सॉफ्टवेअरनें फाईल पुन्हा लिहितांना मेकरनोटांतील आंतले पत्ते विसकटले, तर टिपणच अवाच्य होतें. सारांश, ‘कॅमेऱ्यानें येथें पाहिलें’ एवढेंच चौकोन सांगूं शकतो. ‘येथें चित्र स्पष्ट आहे’ असें तो सांगत नाहीं, आणि ‘छायाचित्रकाराला हेंच दाखवावयाचें होतें’ असें तर मुळींच सांगत नाहीं. आमचा मुख्य आक्षेप येथेंच आहे. हा सगळा संशय पोटांत असतांना पडद्यावरील रेघ मात्र प्रत्येक वेळीं सारख्याच ठळकपणें काढलेली असते.

संशय प्रामाणिकपणें कसा छापावा, याचा एक उत्तम धडा आपल्या पुण्यांतच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें झालें. तींत संहिता पानाच्या वरच्या भागांत सलग छापली आहे, आणि निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद तळाशीं दिले आहेत. संहितेंत जेथें पाठ निश्चित नाहीं, तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ काढलेली आहे. ज्याला काव्य वाचावयाचें आहे तो वर वाचतो; ज्याला संपादकाची परीक्षा घ्यावयाची आहे तो खालीं उतरतो; आणि संपादकाला जेथें खात्री नव्हती, तेथें त्यानें ती असल्याचा आव आणलेला नाहीं. छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरांत ही नागमोडी रेघ नाहीं, हें आमच्या मतें त्यांतील मोठें व्यंग आहे.

आतां रसिकाच्या बाजूनें विचार करूं. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या कलकत्त्यास १८१५ सालीं जन्मलेल्या बाईंचीं चित्रें आज एकोणिसाव्या शतकांतील श्रेष्ठ छायाचित्रांत गणलीं जातात. प्रतिमा डोळ्यांस सुंदर दिसली कीं भिंग तेथेंच थांबवावें, असा आपला क्रम असल्याचें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. त्यांच्या अस्पष्टतेवर टीका झाली, तेव्हां १८६४ च्या अखेरीस हर्शेल यांस लिहिलेल्या पत्रांत, खरा फोकस कोणता हें ठरविण्याचा अधिकार कोणाला आहे, असा सवाल त्यांनीं केला. १८८९ सालीं पी. एच्. एमर्सन यांनीं मुख्य विषय स्पष्ट व बाकीचें मृदु असावें असें मत मांडलें. तर १९३२ सालीं कॅलिफोर्नियांतील ‘ग्रुप एफ/६४’ च्या मंडळींनीं अत्यंत लहान छिद्राचें नांव धारण करून पायथ्यापासून क्षितिजापर्यंत सर्व कांहीं स्पष्ट असावें असा आग्रह धरला. पहिल्या बाईंस हा चौकोन नापास करील. शेवटच्या मंडळींच्या चित्रांत तो निरर्थक ठरेल, कारण तेथें सर्वच स्पष्ट आहे. ज्या मापानें इतकी मोठी परंपरा मोजतां येत नाहीं, तें माप स्पर्धेच्या परीक्षकानें हातीं धरणें धोक्याचें होय. चौकोन एकदां दिसला कीं नजर प्रथम तेथेंच जाते, आणि चित्र आपल्याशीं काय बोलूं पाहत होतें तें ऐकण्याआधींच आपण त्याची तपासणी करूं लागतों.

म्हणून हें साधन टाकून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. त्याला त्याची जागा दाखवावी, एवढेंच आहे. चौकोन मागितल्यावांचून दिसूं नये. कॅमेऱ्यानें निवडलेली जागा, फोकस साधला असें त्यानें मानलेली जागा आणि नुसता ओळखलेला चेहरा, या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या चिन्हांनीं दाखवाव्या. टिपणांत हा भेद असूनहि चित्रावर तो पुसला जाऊं नये. टिपण वाचतां आलें नाहीं तर मध्यावर अंदाजानें चौकोन न काढतां ‘वाचतां येत नाहीं’ असें स्पष्ट लिहावें. आणि एक्झिफच्या सार्वजनिक भागांत ‘सब्जेक्ट एरिया’ नांवाचा जो रकाना आहे, तो निवडलेली जागा व साधलेली जागा यांतील फरक सांगण्यास अपुरा आहे. तो वाढवून घेऊन ही सर्व माहिती खाजगी पेटींतून बाहेर आणावी. कॅमेरा बंद पडेल, कदाचित् कंपनीहि बुडेल. चित्रें मात्र घराघरांत राहणार आहेत.

हा शेवटचा मुद्दा तज्ज्ञांपुरता नाहीं. आज प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या संग्रहांत हजारों चित्रें साठत आहेत. पन्नास वर्षांनीं एकादा नातू घरांतील लग्नाचें चित्र उघडील आणि त्याला दिसेल कीं, चौकोन वधूवरांवर नाहीं. तो कोपऱ्यांत बसलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्यावर आहे. चित्र काढणाऱ्याचें मन त्या क्षणीं तिच्याकडे ओढलें गेलें होतें, कीं यंत्राला तिथला उजेड बरा वाटला? चौकोन हें सांगणार नाहीं. पण तो नसता तर हा प्रश्नच त्या नातवाच्या मनांत आला नसता, आणि ती स्त्री कोण हें विचारण्यासाठीं तो घरांतील वडील माणसांकडे गेला नसता. असा प्रश्न जागा करणें हें टिपणाचें काम. त्याचें उत्तर मात्र माणसांनीं माणसांस विचारून व चित्राकडे पुन्हा पाहूनच मिळवावें लागेल.