कामगाराला भिंत मिळाली नाही

अजिंठा खानदेशच्या उंबरठ्यावर आहे. जळगावला उतरून फर्दापूरची वाट धरायची, हा चित्रकारांचा जुना रस्ता. इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत 1909-10 च्या सुमारास तिथल्या चित्रांच्या नकला करायला आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते. तेच नंदलाल डिसेंबर 1936 मध्ये फैजपूर काँग्रेसच्या सजावटीसाठी पुन्हा या मुलखात आले आणि बांबूसारख्या हाताशी मिळणाऱ्या सामानातून त्यांनी अधिवेशनाचं रूप उभं केलं. पुढे 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी रंगवलेल्या फलकांत त्यांनी ढोलवाले, शिंपी, धान्य कांडणाऱ्या बाया आणल्या. राबणारं खेडं असं लोकांसमोर आलं, पण गिरणीचा भोंगा त्यात ऐकू येत नाही. जळगावची खानदेश मिल फैजपूरहून फार लांब नव्हती. अमळनेर आणि धुळ्याच्या प्रताप मिलही चालू होत्या. साने गुरुजी अमळनेरच्या कामगारांत वावरले, त्यांच्या सभा झाल्या, संप झाले. तरी खानदेशची भिंत कोरीच राहिली.

याचा दोष चित्रकारांवर टाकणं सोपं आहे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस रेल्वे स्टेशनजवळच्या घरात पन्नासेक वर्षं जवळजवळ कोंडून घेऊन राहिले आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून जग उभं करत राहिले. त्यांनी गिरणी का टिपली नाही, असं विचारणं अन्यायाचं होईल. प्रश्न भिंतीच्या मालकाचा आहे. डेट्रॉइटच्या संग्रहालयात दिएगो रिव्हेराने 1932-33 मध्ये मोटारकारखान्याचे कामगार 27 भागांत रंगवले, त्याचे पैसे मोटारकारखानदार एडसेल फोर्डने दिले. चित्रं पुसून टाका अशी ओरड झाली तेव्हाही तो मागे हटला नाही. आपल्याकडे गिरणीमालक प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर दिलं, शिक्षणाला पैसा दिला. उपकार मोठे, शंकाच नाही. पण सांच्यावर उभ्या माणसाचं चित्र भिंतीवर असावं, ही मागणी ना शेठजींकडून आली ना युनियनकडून. युनियनला मोर्चाचा फलक पुरत असे.

मराठी मुलखात कामगाराला भित्तिचित्राच्या तोलाचं शरीर दिलं ते चित्रकार सुधीर पटवर्धनांनी. जन्म पुण्यातला, 1949 चा. वैद्यकीय शिक्षण घेऊन 1973 मध्ये ते मुंबईत आले आणि पुढे 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत राहिले. ते डॉक्टर होते म्हणून त्यांना हाडं दिसली, हे समीक्षकांचं आवडतं वाक्य. मला ते अपुरं वाटतं. ‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) किंवा ‘ट्रेन’ (1980) मधली माणसं जड आहेत ती थकव्यामुळे, आणि तो थकवा क्ष-किरणांत दिसत नाही. मूठ आवळलेला, छाती पुढे काढलेला पोस्टरवरचा कामगार पटवर्धनांनी टाळला. डाव्या विचारांशी जवळीक असूनही टाळला, हे विशेष. ‘लोअर परळ’ (2001) पर्यंत येता येता शहरानेच गिरणी गिळलेली असते.

जळगावकराला ते चित्र परकं वाटू नये. खानदेश मिलच्या जागेवर आता बाजारसंकुल आहे.

पटवर्धनांचं सगळ्यात भित्तिचित्रासारखं काम म्हणजे ‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’ (2014). त्याच्या सात भागांत महानगराचा इतिहास आहे, पण तेही कॅनव्हासवर, एका उद्योगसमूहासाठी केलेलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही. ही खंत त्यांनाही असावी, कारण 2008-09 मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन कलेचं प्रदर्शन त्यांनी मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या इतर शहरांत फिरवलं. प्रदर्शन मात्र गुंडाळून पुढच्या गावी जातं, भिंत गावातच राहते.

आज सरकारी भिंतींवर रंग भरपूर आहे. स्वच्छतेचे संदेश, महापुरुष, केळीचे घड. हात सफाईदार आहेत, पण चेहरे सगळे एकाच फोटोवरून उतरवल्यासारखे. जळगावच्या डाळमिलमधला हमाल, चटईच्या कारखान्यातली रात्रपाळी, धुळ्याच्या यंत्रमागावरचा कारागीर यांच्यासाठी आता चिमणीची खूण उपयोगाची नाही. ते विखुरलेले आहेत, कंत्राटावर आहेत, एका भोंग्याने एकत्र येत नाहीत. त्यांना रंगवायचं तर पटवर्धनांसारखं एकेका अंगाचं ओझं पाहत बसावं लागेल, आणि औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मालकाला आपल्या कुंपणाची बाहेरची बाजू त्यासाठी सोडावी लागेल.