दगडावरचीं अक्षरें : शिरूर आणि दौंड

ग्रंथांवर टीका लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शिळेवर, समाधीपुढील फलकावर किंवा संग्रहालयांतील कांचेच्या पेटीखालच्या चिठ्ठीवर कोणीं टीका लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत फारसें नाहीं. वास्तविक पाहतां हेंहि लेखनच होय, आणि तेंहि अत्यंत जबाबदारीचें. चांगल्या ग्रंथाला हजार-दोन हजार वाचक मिळाले म्हणजे ग्रंथकार धन्य होतो. हमरस्त्यावरील फलकाला तितके वाचक एका यात्रेच्या दिवशीं मिळतात, आणि त्यांतील बहुतेकांनीं त्या विषयावर दुसरें कांहीं वाचलेलें नसतें व पुढेंहि वाचण्याचा संभव नसतो. ग्रंथकाराची पहिल्या प्रकरणांतील चूक दहाव्या प्रकरणांत सांवरतां येते. सहा ओळींच्या लेखकास ती सोय नाहीं. म्हणून या उपेक्षित वाङ्मयाचें थोडें परीक्षण करावें, आणि तें दूरदेशच्या उदाहरणांवर न करतां पुण्याच्या पूर्वेस लागून असलेल्या शिरूर व दौंड या दोन तालुक्यांपुरतें करावें, असा आमचा विचार आहे. नगरास किंवा सोलापुरास जातांना पुणेंकर मंडळी या भागांतून नित्य जातात. पण रांजणगांवच्या गणपतीखेरीज येथें उतरून पाहण्याजोगें कांहीं आहे असें त्यांस वाटत नाहीं.

प्रथम अर्थात् कोरेगांवचा स्तंभ. भीमा नदीच्या पलीकडचें कोरेगांव शिरूर तालुक्यांत आणि अलीकडच्या तीरावरील पेरणें गांवच्या हद्दींतला स्तंभ हवेली तालुक्यांत, अशी त्याची स्थिति आहे; पण या लढाईचा आरंभ आणि शेवट दोन्ही शिरुरास झाले, म्हणून तो आमच्या कक्षेंत येतो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन् हा सुमारें आठशें लोक व दोन तोफा घेऊन शिरूरच्या छावणींतून पुण्यास निघाला. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवच्या गल्ल्यांतून दिवसभर लढाई झाली. रात्रीं पेशव्यांचें सैन्य निघून गेलें, आणि स्टॉन्टन् पुण्यास न जातां जखमी लोकांसह शिरुरास परत आला. कोणत्या बाजूस खरा जय मिळाला हा वाद इतिहासकारांनीं पुढें पुष्कळ केला. स्तंभानें मात्र तो आधींच मिटवून टाकला होता. १८२१ च्या मार्च महिन्यांत त्याचा पाया घातला गेला, आणि इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत कंपनी सरकारनें आपल्या विजयाची घोषणा दगडावर कोरून घेतली. जेत्यानें लिहिलेला लेख जसा असावा तसाच तो आहे. शत्रूची संख्या त्यांत ठळक, स्वतःची माघार त्यांत अदृश्य.

परंतु याच दगडावर, घोषणेच्या शेजारीं, पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि टीकाकाराचें लक्ष तेथें खिळतें. तीं एकूण ४९ असून त्यांपैकीं २२ ‘नाक’ या प्रत्ययानें संपतात, म्हणजे तीं महार शिपायांचीं आहेत. ज्या काळीं पुण्याच्या दप्तरांत या माणसांचीं नांवें फिर्याद, वेठ किंवा दंड यांखेरीज कचितच आलीं असतील, त्या काळीं तीं येथें दगडावर आलीं. कंपनीचा हेतु त्यांचा उद्धार करण्याचा नव्हता, हें सांगण्यास इतिहासकार नको. इंग्रज सरकारनें पुढें याच लोकांची पलटणींतील भरती बंद केली. पण लेखाचा हेतु आणि लेखाचा परिणाम या दोन भिन्न वस्तु आहेत, हें काव्याच्या अभ्यासकांस नव्यानें सांगावयास नको. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें गेले आणि त्या दिवसापासून घोषणा मागें पडून नांवें पुढें आलीं. १९४१ सालीं उभारलेल्या महार रेजिमेंटच्या पहिल्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. आज प्रतिवर्षीं लक्षावधि लोक तेथें येतात ते कंपनीचा विजय साजरा करण्यास येतात, असें म्हणणारा मनुष्य लेख वाचतो पण वाचकांस पाहत नाहीं.

शिरूर गांवांत याच्या उलट प्रकार आहे. वसईच्या तहानंतर इंग्रजांची जी फौज पेशव्यांच्या मुलुखांत राहिली तिची छावणी येथें, घोड नदीच्या कांठीं, होती. म्हणून जुने लोक अजून या गांवास घोडनदीच म्हणतात. असईच्या लढाईंत नांवाजलेला कर्नल वॉलेस १८०९ सालीं येथें वारला व त्याची कबर येथें बांधली गेली. पुढें तिचें काय झालें तें १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत नमूद आहे: गांवकरी त्यास ‘सत्पुरुष’ मानूं लागले, आणि सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीपुढें ठेवूं लागले. इंग्रज सेनापतीच्या कबरीवर काय कोरावयाचें तें इंग्रजांनीं ठरविलें असेल. पण तिचा अर्थ शिरूरच्या शेतकऱ्यांनीं ठरविला, आणि त्याकरितां त्यांना इंग्रजी अक्षर वाचावें लागलें नाहीं. या गोष्टीस अज्ञान म्हणून हंसणारे सुशिक्षित आम्हीं पाहिले आहेत. आम्हांस तीत अज्ञानाहून आतिथ्यच अधिक दिसतें.

फलकाच्या भाषेंत केवढी दारू भरलेली असूं शकते, हें पाहण्यास वढू बुद्रुक येथें जावें. १६८९ सालीं औरंगजेबानें छत्रपति संभाजीमहाराजांचा वध केला. भीमेच्या कांठच्या या गांवीं त्यांची समाधि आहे. त्यांचे अंत्यसंस्कार कोणीं केले याविषयीं दोन परंपरा आहेत. एक गोविंद गोपाळ यांचें नांव घेते, दुसरी गांवांतील शिवले घराण्याचें. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्यासंबंधींच्या एका फलकावरून तेथें तंटा झाला, फलक उखडला गेला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १ जानेवारी २०१८ रोजीं, कोरेगांवच्या परिसरांत जी दंगल झाली तींत एका तरुणाचा प्राण गेला. तिचीं कारणें कोणतीं व दोष कोणाचा हें शोधण्यास सरकारनें आयोग नेमला. तो निवाडा करणें हें मासिकांतील टीकाकाराचें काम नव्हे. आमचें म्हणणें भाषेपुरतें आहे. तीनशें वर्षांपूर्वींच्या रात्रीं काय झालें हें जेव्हां फलक सांगतो तेव्हां तो ‘अशी परंपरा आहे’ हे तीन शब्द सहसा लिहीत नाहीं. कारण त्या तीन शब्दांनीं आपला पक्ष दुबळा होतो असें लिहिणाऱ्यास वाटतें. वस्तुतः त्याच तीन शब्दांनीं दुसऱ्या परंपरेच्या फलकास शेजारीं उभें राहण्यास जागा मिळते. बखर कोणती, कागद कोणता, तो कोणत्या सालचा, हें खालच्या ओळींत बारीक अक्षरांनीं दिलें तर दगडाचा खर्च कांहीं फार वाढत नाहीं. लंडनमध्यें १८६७ सालीं बायरन कवीच्या जन्मघरावर जो पहिला फलक लागला त्या परंपरेंतील फलक आजहि नांव, सालें व एखादी ओळ यांपलीकडे सहसा जात नाहींत. आमच्याकडे मात्र विशेषणांवांचून पुण्यपुरुषाचा अपमान होतो अशी समजूत आहे. आणि कोनशिलेवर तर ज्याचें स्मारक त्याच्या नांवाहून ज्याच्या हस्तें उद्घाटन त्याचें नांव मोठ्या अक्षरांत असतें. पुराणवस्तु-खात्याची निळी पाटी या दोषापासून मुक्त आहे खरी, पण ती वाचून स्मारकाचा इतिहास कळत नाहीं. त्यास इजा केल्यास किती शिक्षा होईल तेवढें कळतें.

आतां ज्या स्थळासाठीं आम्हीं ही लेखणी विशेषतः हातीं घेतली तें इनामगांव. शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं हें लहानसें गांव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजनें सांकळिया, ढवळीकर व अन्सारी या विद्वानांच्या देखरेखीखालीं येथें उत्खनन केलें आणि इ. स. पूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेलें एक सबंध शेतकरी खेडें जमिनीखालून वर काढलें. महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून शिकलेल्या आमच्या पिढीला ही गोष्ट पचविण्यास वेळ लागला. येथें शंभराहून अधिक घरें सांपडलीं. गांवप्रमुखाचें म्हणून ओळखलें गेलेलें घर पांच खोल्यांचें, आणि त्यास लागून धान्याचें कोठार. पुराचें पाणी वळवून शेताला देण्यासाठीं खणलेला पाट व त्याचा बांध सांपडला. ते लोक जव पिकवीत, गुरें पाळीत, चाकावर घडविलेलीं तांबड्या रंगाचीं व काळ्या नक्षीचीं भांडीं वापरीत.

आणि मृत्यूविषयींची त्यांची कल्पना! लहान मूल गेलें म्हणजे दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत तें ठेवीत व घराच्याच जमिनीखालीं पुरीत. आईच्या पायाखालीं, चुलीजवळ. मोठा मनुष्य गेला तर त्यास उत्तरेकडे डोकें करून निजवीत, पण घोट्याखालचे पाय तोडून. मेलेल्यानें उठून जाऊं नये म्हणून असें करीत असावेत असा तज्ज्ञांचा तर्क आहे. एकाचे मात्र पाय शाबूत आहेत. त्यास चार पायांच्या, पोट फुगलेल्या, कच्च्या मातीच्या एका मोठ्या रांजणांत बसवून पुरलेलें होतें. तो कोणी मानकरी असावा. दुसऱ्या एका ठिकाणीं झांकणाची मातीची पेटी निघाली. तिच्या आंत एक स्त्रीमूर्ति, वर दुसरी शिर नसलेली, आणि शेजारीं मातीचा बैल. मूर्तीस एक भोंक व बैलाच्या पाठीस एक भोंक. मध्यें काडी घातली म्हणजे देवी बैलावर बसते. शेवटच्या काळांत पाऊस उणावला असावा. चौकोनी मोठ्या घरांच्या जागीं लहान गोल झोपड्या आल्या, आणि पुढें गांव उठलें. अवर्षणाचें दुःख ज्या तालुक्याला आजवर पाठ आहे त्या तालुक्यांतील माणसास ही कथा वाचण्यास कोणत्याहि टीपेची गरज नाहीं.

पण त्यानें ती वाचावी कोठें? उत्खननाचा अहवाल १९८८ सालीं प्रसिद्ध झाला, तो इंग्रजींत; वस्तु पुण्यास, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयांत. तेथें त्या सुरक्षित आहेत व अभ्यासकांच्या हातीं आहेत, याबद्दल त्या संस्थेचे उपकारच मानले पाहिजेत. कच्च्या मातीचा तो रांजण गांवच्या चावडींत ठेवा असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. तथापि इनामगांवच्या शाळेंतील मुलानें आपल्याच पायाखालचा तीन हजार वर्षांपूर्वींचा शेजारी पाहण्यास ऐंशी-नव्वद किलोमीटर जावें, ही व्यवस्था आम्हांस अपुरी वाटते. उत्खननाचे खड्डे बहुधा बुजवावेच लागतात. पांढरीच्या टेकाडावर मग गवताखेरीज कांहीं दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याची राखण कोणी करीत नाहीं. पांढरीची माती शेताला खत म्हणून नेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तसल्या गाडीबरोबर महाराष्ट्रांतील किती खेडीं शेतांत पसरलीं असतील!

यावर कोणी म्हणेल कीं, खेड्यांत संग्रहालय चालत नाहीं. त्यास आम्ही धाराशिव जिल्ह्यांतील तेरचें उदाहरण देऊं. रामलिंगप्पा लामतुरे या तेथल्याच गृहस्थांनीं पावसानंतर टेकाडांतून वर येणारे मणी, नाणीं, मातीच्या मूर्ति वर्षानुवर्षें गोळा केल्या. तो संग्रह पुढें शासनाच्या पुरातत्त्वखात्याकडे गेला आणि आज त्यांच्याच नांवाच्या संग्रहालयांत, तेर गांवांतच, आहे. औंधास बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं डोंगरावर चित्रसंग्रहालय उघडलें, त्यावेळीं औंध म्हणजे कांहीं शहर नव्हतें. इनामगांवास मूळ वस्तूंची गरजहि नाहीं. कुंभार तालुक्यांत आहेत. त्या रांजणाची प्रतिकृति त्यांच्याकडून करवावी, एका घराचा आराखडा जमिनीवर दगडांनीं आंखावा, आणि शुद्ध, सोप्या मराठींत दोन पानांचा मजकूर लावावा. तो मजकूर मात्र उत्खनन करणाऱ्या विद्येच्या वारसांनींच लिहावा. ज्यांनीं इंग्रजींत एवढें लिहिलें त्यांच्याकडे मराठीचें हें देणें राहिलें आहे.

सर्व कांहीं पुण्यास जाण्याच्या या ओघांत मस्तानीची गोष्ट थोडी विलक्षण आहे. तिच्या कोथरूडच्या वाड्याचे अवशेष पुण्यास केळकर संग्रहालयांत ‘मस्तानी महाल’ म्हणून पुन्हां उभे केलेले आहेत, आणि तेथें प्रेक्षकांची गर्दी असते. ती स्वतः १७४० सालीं वारली आणि तिची कबर शिरूर तालुक्यांतील पाबळास आहे. नाटककारांनीं व चित्रपटवाल्यांनीं तिच्या मुखीं हवें तें घातलें आहे, तेव्हां पाबळास तरी कोणी शब्दांचा फुलोरा करूं नये. नांव, साल आणि गांव इतकें पुरे.

दौंडाविषयीं थोडक्यांतच सांगतां येईल. १८७८ सालीं मनमाडचा फांटा सुरू झाल्यापासून तें जंक्शन झालें व गांव स्थानकाभोवतीं वाढलें. रेल्वेच्या गांवाचा इतिहास लिहिण्याची कला आपल्याकडे अजून जन्मास यावयाची आहे. मात्र पुणें-दौंड लोहमार्गावर केडगांव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून निराधार मुली व विधवा आणून येथें सांभाळल्या. येथेंच त्या १९२२ सालीं वारल्या. धर्मांतरामुळें पुण्यानें त्यांच्याकडे पाठ फिरविली आणि त्यांचें मराठी वाङ्मयांतील कार्यहि त्या पाठीआड गेलें. रमाबाईंविषयीं लिहितांना ‘थोर समाजसुधारक’ हे शब्द वापरले म्हणजे लिहिणारा मोकळा होतो. आम्हांस त्यांच्याऐवजीं केडगांवचा छापखाना सांगावासा वाटतो. बाईंनीं संबंध बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठींत आणलें, आणि तें छापण्यास खिळे जुळविणाऱ्या स्त्रियाच होत्या, ज्यांना बाईंनींच अक्षरओळख करून दिली होती. पुस्तक बाहेर पडलें तें १९२४ सालीं, बाई गेल्यानंतर दोन वर्षांनीं.