पाटी वाचायला किती वेळ लागतो?

आपल्याकडे पुस्तकांची समीक्षा होते, सिनेमांची होते, आता वेब सिरीजचीही होते. रस्त्यावरच्या पाट्यांची मात्र कुणी करत नाही. वर्षभरात एकही पुस्तक न उघडणारा माणूससुद्धा दिवसाला पन्नासेक पाट्या आणि दहा-बारा सिग्नल वाचतो. इतका वाचला जाणारा मजकूर समीक्षेतून सुटावा, हे मला विचित्र वाटतं.

या मजकुराची एक अडचण आहे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. कादंबरीचं पान कळलं नाही तर आपण मागे जाऊन पुन्हा वाचतो. इथे मागे जाता येत नाही. म्हणून पाटीची पारख करताना मी एकच प्रश्न विचारतो: लिहिणाऱ्याने समोर कोणता वाचक धरला आहे?

या प्रश्नाचं सगळ्यात नीट उत्तर जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी ब्रिटनमध्ये दिलं, असं माझं मत आहे. १९५८च्या डिसेंबरात प्रेस्टनजवळ तिथला पहिला मोटरवे सुरू झाला. त्याच्या पाट्या या दोघांनी केल्या. पुढे साध्या रस्त्यांचं कामही त्यांच्याकडेच आलं आणि १ जानेवारी १९६५पासून त्यांची पद्धत देशभर लागू झाली. त्याआधी तिथे नाना तऱ्हेच्या पाट्या होत्या. गोल म्हणजे आज्ञा, त्रिकोण म्हणजे सावधान आणि चौकोन म्हणजे माहिती, हे युरोपातलं व्याकरण त्यांनी घेतलं. आपल्या रस्त्यांवरही साधारण हेच चालतं.

त्यांचं वेगळेपण दिसतं ते अक्षरांत. पाटी म्हणजे ठळक कॅपिटल अक्षरं, असा तेव्हा समज होता. यांनी पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकीची स्मॉल ठेवली. कॅपिटलमधला शब्द लांबून नुसत्या विटेसारखा दिसतो. स्मॉल अक्षरांच्या काड्या वर-खाली जातात, त्यामुळे शब्दाला आकार येतो आणि आपल्या गावाचं नाव अक्षरं सुटी दिसायच्या आधीच ओळखू येतं. डेव्हिड किंडर्सली या अक्षरकाराला हे पटलं नाही. त्याने कॅपिटलमधला स्वतःचा पर्याय आणला. मग विमानाच्या धावपट्टीवर लोकांना बसवून, गाडीवर पाट्या लावून दोन्हींची चाचणी झाली. किंडर्सलीची अक्षरं किंचित जास्त लांबून वाचता आली, पण फरक इतका कमी होता की निवड झाली किनीर-कॅल्व्हर्टच्या अक्षरांची. वाद अक्षरांच्या सौंदर्याचा होता, पण तो सोडवायला शेवटी वाचकांना बोलवावं लागलं. साहित्यात असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं?

दुसरी गोष्ट मापाची. त्यांच्या पद्धतीत आधी पत्रा कापून मग त्यात मजकूर बसवत नाहीत. रस्त्यावरच्या वेगावरून अक्षराची उंची ठरते, प्रत्येक अक्षर जणू आपापल्या फरशीवर बसवलेलं असतं, फरश्या शेजारी शेजारी मांडल्या की अंतर आपोआप जुळतं आणि मजकूर संपेल तिथे पाटी संपते. आपल्याकडे उलटा प्रकार मी पुष्कळदा पाहतो. पत्रा ठरलेला असतो. गावाचं नाव लांब निघालं की अक्षरं चेपून बसवतात.

आता देवनागरीकडे येऊ. आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाही. शब्दाचा आकार घडतो तो वेलांट्या, मात्रा, उकार आणि रफार यांनी. 'कुर्ला' किंवा 'मुरूड' घ्या. वर जागा हवी, खालीही हवी. इंग्रजी नावाच्या उंचीएवढ्याच पट्टीत हे शब्द बसवले की मधलं मूळ अक्षर बारीक होतं. मराठी ओळ वर लिहिलेली असूनही आपली नजर खालच्या इंग्रजी ओळीकडे जाते. दोष लिपीचा नाही. तिला दुसऱ्या लिपीच्या मापाचे कपडे घातले आहेत.

रात्री आणखी एक भानगड होते. पाटीवर चिकटवलेल्या कागदात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. हेडलाइटचा प्रकाश ते जिकडून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणून पाटी अंधारात दिवा असल्यासारखी उजळते. पण गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं अशी उजळली की ती पसरल्यासारखी दिसतात. म्हणून किनीर-कॅल्व्हर्टनी दोन जाडीची अक्षरं केली: पांढऱ्यावर काळं लिहायला जाड, गडदवर पांढरं लिहायला बारीक. देवनागरीत तर ही काळजी जास्तच हवी. 'भ' आणि 'म' किंवा 'ध' आणि 'घ' यांच्यातला मोठा आधार म्हणजे शिरोरेषेतली छोटीशी फट. अक्षर जाड असेल तर रात्री नेमकी तीच फट बुजते.

मजकुराचीही पारख करू. 'अरुंद पूल' हे दोन शब्द मला निर्दोष वाटतात. 'वाहने सावकाश हाका' तर माझं आवडतं वाक्य आहे. त्यातलं 'हाका' बैलगाडीच्या काळातून आलंय आणि कारच्या स्टिअरिंगवरही शोभतं. काय करायचं ते तीन शब्दांत कळतं. याउलट 'अपघातप्रवण क्षेत्र'. शब्द जड आहे हा एक मुद्दा. खरी तक्रार अशी की त्यातून पुढे काय आहे तेच कळत नाही. उतार आहे, वळण आहे, की शाळा? मी ब्रेक दाबू की डावीकडे सरकू? ही पाटी वाचकाशी बोलतच नाही. 'आम्ही सांगितलं होतं' एवढीच तिची नोंद.

चित्रांनाही वाचक असतो. शाळेजवळच्या जुन्या ब्रिटिश पाटीत टोपीवाला मुलगा पुढे आणि मुलगी मागे होती. कॅल्व्हर्टने मुलीला मोठं केलं आणि धाकट्या मुलाचा हात तिच्या हातात दिला. ती मुलगी तिने स्वतःच्या लहानपणावरून काढली. शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलाला हे आपलं चित्र वाटावं, हा त्यामागचा विचार होता.

असाच विचार २०२०मध्ये मुंबईत दिसला. दादर-माहीम भागात पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलवर पुरुषाऐवजी बाईची आकृती आली. फोटो खूप फिरले. कुणी कौतुक केलं, कुणी विचारलं की याने काय होणार. मला तो बदल आवडला. फ्रॉकसारखा एक त्रिकोण जोडून बाई दाखवणं हा चित्रकलेतला सोपा मार्ग आहे खरा. पण रस्ता ओलांडणारा म्हणजे पुरुषच, हे गृहीतक सगळ्यांना पहिल्यांदा दिसलं ते त्यामुळेच.

मात्र सिग्नलमध्ये आकृतीपेक्षा मोठा मजकूर असतो सेकंदांचा. हिरवा माणूस लुकलुकू लागल्यावर रस्त्यात असलेल्याला पलीकडे पोचायला किती वेळ द्यायचा, हे ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरायची जुनी रीत आहे. १८ मीटर रुंद रस्त्याला या हिशोबाने १५ सेकंद होतात. पण गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटरच चालत असेल, तर १५ सेकंदांत ती १२ मीटरवर पोचते. उरलेले ६ मीटर तिला सुरू झालेल्या गाड्यांसमोरून काढावे लागतात. अमेरिकेच्या नियमपुस्तकाने २००९मध्ये हा वेग सेकंदाला ४ फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. आकडा छोटा आहे, पण त्यामुळे रस्त्याचा वाचक बदलला. हळू चालणाऱ्यालाही त्यात जागा मिळाली.

म्हणून आकृती बाईची केली हे चांगलं, पण सेकंद जर अजून धडधाकट तरुणाचेच असतील तर मजकूर अर्धाच बदलला असं मी म्हणेन. चित्रात कोण आहे हे लगेच दिसतं आणि त्याचा फोटो काढता येतो. वेळ कुणाच्या मापाने कापलाय हे फोटोत येत नाही.

ते तपासायचं साधन मात्र तुमच्या हातात आहे. रोजच्या चौकात मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, हिरवा माणूस लुकलुकायला लागल्यापासून लाल होईपर्यंतचे सेकंद मोजा आणि रस्त्याची रुंदी मीटरमध्ये काढून त्याला भागा. जो वेग येईल त्या वेगाने तुमच्या घरातलं कोण कोण चालू शकतं ते बघा. ज्यांना जमणार नाही, त्यांना तो सिग्नल लिहिताना कुणी मोजलेलं नाही.