न ऐकलेले गाणे : रसविघ्नाची संकल्पना आणि रॉकचा श्रोता

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा कार्यक्रम झाला, तेव्हा सुमारे ५५,६०० श्रोते उपस्थित होते. व्यासपीठ बेसबॉलच्या मैदानात दुसऱ्या बेसजवळ होते. श्रोते मैदानाभोवतीच्या सज्जांत, व्यासपीठापासून बरेच दूर. गायनासाठी स्टेडियमची नित्याची ध्वनिक्षेपण व्यवस्था वापरलेली होती. स्वतःचे गाणे गायकांच्या कानी परत पोचविणारी यंत्रणा त्या काळी प्रचारात आलेली नव्हती. सुमारे अर्ध्या तासात बारा गाणी झाली आणि श्रोत्यांच्या अखंड किंकाळ्यांखाली ती बव्हंशी बुडून गेली. तरीही ही संध्याकाळ चाहत्यांच्या स्मृतीत परिपूर्तीचा क्षण म्हणून राहिली आहे. ज्यासाठी यायचे ते ऐकूच आले नाही आणि तरी अनुभव उणा वाटला नाही, या विसंगतीचा उलगडा आस्वादमीमांसेने कसा करावा?

या प्रश्नाची दोन परिचित उत्तरे आहेत. थिओडोर अडोर्नो यांनी १९३८ मध्ये श्रवणाच्या पीछेहाटीचा जो सिद्धान्त मांडला, त्यानुसार असा श्रोता ऐकण्याची क्षमता गमावून बसलेला असतो; वस्तूच्या जागी तो तिच्या प्रसिद्धीची पूजा करतो. याउलट बार्बरा एरनराइक आणि त्यांच्या सहलेखिकांनी १९८६ मध्ये असे प्रतिपादन केले की, सभ्यतेच्या काटेकोर बंधनांत वाढलेल्या किशोरवयीन मुलींनी सार्वजनिक ठिकाणी आपला ताबा सुटू देणे हेच एक बंड होते. पहिले उत्तर चाहत्याला कमी लेखते. दुसरे त्याला, अधिक नेमकेपणाने तिला, न्याय देते. परंतु दोन्ही उत्तरांत गाणे ही गोष्ट गौण ठरते. किंकाळी कशाला उद्देशून होती, हा प्रश्न तसाच राहतो.

येथे अभिनवगुप्ताचे रसविघ्नविवेचन उपयोगी पडते. 'अभिनवभारती'त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी किमान तीन शे स्टेडियममध्ये अक्षरशः उपस्थित होती. प्रतीतीची साधने अपुरी असणे हे एक : ध्वनिक्षेपण दुबळे होते. स्फुटत्वाचा अभाव हे दुसरे : सज्जातून व्यासपीठावर चार लहान आकृत्या तेवढ्या दिसत होत्या. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे विघ्न म्हणजे निजसुखादिविवशीभाव, म्हणजेच प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे. या विघ्नावरचा उपाय म्हणून अभिनवगुप्त गीतवाद्यादी रंजक साधनांचा निर्देश करतो. संगीत प्रेक्षकाला त्याच्या खाजगी विवशतेतून सोडवते, अशी ही धारणा आहे. शे स्टेडियममध्ये मात्र संगीत हेच विवशतेचे निमित्त झाले. औषधच व्याधीचे कारण ठरावे, तसा हा प्रकार आहे.

मराठी संगीत नाटकाचा 'वन्समोअर' यापेक्षा वेगळा होता. वन्समोअर मागणारा प्रेक्षक गाणे पुन्हा ऐकता यावे म्हणून नाटक थांबवीत असे. त्याचा अपराध नाट्याविरुद्ध असला तरी गाण्यावरची त्याची निष्ठा अभंग होती. शे स्टेडियममधील श्रोता गाण्यालाच झाकून टाकतो. मग त्याला रसिक म्हणता येईल काय?

या टप्प्यावर एक साधी वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते. तेथे आलेल्या चाहत्याला ती गाणी पाठ होती. ध्वनिमुद्रिकेवर आणि रेडिओवर, बहुधा घरातल्या एखाद्या खोलीत, त्याने ती असंख्य वेळा ऐकलेली होती. वॉल्टर बेंजामिन यांच्या १९३० नंतरच्या दशकातील सुप्रसिद्ध निबंधात मूळ कलाकृतीचे तेजोवलय यांत्रिक प्रतिकृतीमुळे क्षीण होते असे प्रतिपादन आहे. रॉक संगीतात हा क्रम उलटतो. येथे ध्वनिमुद्रिका ही मूळ संहिता असते आणि प्रत्यक्ष प्रयोग हा तिच्यानंतर येतो. फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९ मध्ये प्रत्यक्षतेच्या संकल्पनेची जी चिकित्सा केली, तीही या दिशेने जाणारी आहे. शे येथील कार्यक्रमावरील चित्रपटाचा इतिहास याची साक्ष देतो. मार्च १९६६ मध्ये बीबीसीवरून तो दाखविला गेला, त्यापूर्वी जानेवारीत लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात त्याच्या ध्वनीत दुरुस्त्या केल्या गेल्या. काही भाग नव्याने वाजवून घेतले गेले. प्रत्यक्षतेचा दस्तऐवजही प्रत्यक्ष राहिला नाही.

तेव्हा सज्जातील चाहत्याचे श्रवण हे मुख्यतः प्रत्यभिज्ञेच्या स्वरूपाचे होते. गोंगाटातून निसटलेला एखादा स्वर त्याला पुरेसा होता. उरलेले गाणे त्याच्या स्मृतीत वाजत होते. ध्वनिमुद्रिका देऊ शकत नव्हती असे काही त्याला मिळालेच असेल, तर ते दृश्य होते. अखेरच्या गाण्यात जॉन लेनन कोपराने ऑर्गनच्या पट्ट्यांवर घसरत वाजवीत होता. संहितेत नसलेला हा क्षण केवळ त्या संध्याकाळचा होता.

पण त्याहून महत्त्वाचे असे आणखी काही घडले. एकट्याने ऐकताना प्रत्येक चाहत्याला गाणे आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटत असते. बीटल्सच्या आरंभीच्या गाण्यांतील द्वितीयपुरुषी संबोधन या भावनेला खतपाणी घालते. हे 'निज'सुखच आहे. स्टेडियममध्ये त्याला कळते की हेच निजसुख घेऊन पंचावन्न हजार माणसे आलेली आहेत. सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाली की रसाचा परिपोष होतो, असे अभिनवगुप्तच सांगतो. 'तंत्रालोका'त तर नृत्यगीतादी पाहणाऱ्यांची संवित् परस्परांत प्रतिबिंबित होऊन विस्तारते, असे वर्णन आहे. शे स्टेडियममध्ये ही एकघनता निर्विवादपणे होती. फरक एवढाच की काव्यनाट्यात साधारणीकरण कलाकृती घडविते, तर येथे ते सामाजिकांनी परस्परांसाठी घडविले. किंकाळी हे त्याचे साधन होते. या अर्थाने अडोर्नो यांचा आक्षेप निम्माच खरा ठरतो. श्रवण लोपले नव्हते. ते आधीच घडून गेलेले होते.

मात्र या साधारणीकरणाची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. जो श्रोता ऐकायला आलेला नाही, त्याच्यापुढे कलावंताला काय नवे करता येणार? परिचिताची पुनरावृत्ती, आणि तीही स्वतःला न ऐकू येणारी, एवढेच त्याच्या हाती उरते. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमधील कार्यक्रमानंतर बीटल्सने दौरे थांबविले. त्यामागे अनेक कारणे होती. न ऐकले जाणे हे त्यांतील एक होते. १९६७ पासूनचे त्यांचे संगीत मुख्यतः ध्वनिमुद्रणगृहात घडले आणि त्यातले पुष्कळसे त्या काळच्या व्यासपीठावर सादर करता येण्याजोगे नव्हते. चाहत्यांच्या उत्सवाने प्रयोगाला हद्दपार केले आणि संहितेला समृद्ध केले, असा हा दुहेरी परिणाम आहे.

कँडलस्टिकचा तो कार्यक्रम मॅकार्टनी यांच्या सांगण्यावरून प्रसिद्धी-अधिकारी टोनी बॅरो यांनी कॅसेटवर मुद्रित केला. एका बाजूची तीस मिनिटे संपली आणि अखेरचे गाणे मध्येच तुटले. चाहत्याच्या दृष्टीने ही हानी फार मोठी नाही. उरलेले गाणे त्याला पाठ आहे. आस्वादमीमांसेच्या दृष्टीने मात्र तो तुटलेला भाग अर्थपूर्ण आहे. पाठ असलेल्या गाण्याच्या पलीकडे, त्या एकाच संध्याकाळी, ते कसे गायिले गेले हे ऐकणारा सहृदय त्या मैदानात किती जणांत जागा होता, याचे उत्तर त्या कॅसेटच्या रिकाम्या राहिलेल्या जागेत आहे.