रूपाला कारण हवे

ऑनलाइन फँटसी गेममध्ये राक्षसाशी गाठ पडण्याआधी खेळाडूला एक काम करावे लागते. आपले पात्र घडवावे लागते. वंश निवडायचा, मग नाकडोळे, केस, त्वचेचा रंग, अंगावरची व्रणाची खूण, पुढे चिलखत आणि त्याचा रंग. काही जण दोन मिनिटांत उरकतात, काही जण रात्र घालवतात. नाटकाच्या रंगभूषेवर आणि वेशभूषेवर आपल्याकडे गांभीर्याने लिहिले जाते. पात्ररूपाची ही नवी कला मात्र अजून समीक्षेबाहेर आहे. लाखो तरुण तिच्यात रमतात, तिच्यावर पैसे खर्च करतात, तिच्यातून स्वतःविषयी काही सांगू पाहतात. तिचे बरेवाईट ठरवायला कसोटी लागते, आणि अशा कसोट्या धाराशिव जिल्ह्यात मिळतात असे माझे म्हणणे आहे. रूप घडवणे म्हणजे काय, याचा विचार या मातीत निदान दोन हजार वर्षे चालू आहे.

पहिली कसोटी तेरची. तेर म्हणजे प्राचीन तगर, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेली व्यापारपेठ. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या आणि केओलिनच्या छोट्या मूर्ती आहेत. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर जगभर चर्चेत आली. इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पण आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाच्या आहेत त्या साच्यातून काढलेल्या मूर्ती. दोन भागांचा साचा, त्यात दाबलेली माती, मग दोन्ही अर्ध्या भागांची जोडणी. साचा म्हटला की एकसारखेपणा आलाच. तरीही त्या कारागिरांनी केशरचनेत, कर्णभूषणांत, कंठ्यांत असे वैविध्य ठेवले की मूर्तीचे डोके पाहूनच तिची ओळख पटावी. साचा नाकारून हे साधलेले नाही. कुठे हात फिरवायचा हे त्यांना नेमके ठाऊक होते.

ऑनलाइन गेमही साच्यावरच चालतात. प्रत्येक पात्राच्या पोटात हाडांचा एक सांगाडा असतो, त्यावर त्रिमितीय जाळे चढवलेले असते आणि जाळ्यावर त्वचेचे चित्र. आपण स्लायडर सरकवतो तेव्हा आधीच बनवलेल्या दोन टोकांच्या आकारांमधला एखादा बिंदू निवडत असतो. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये चेहऱ्याला वावच नव्हता, पात्रे बोटभर उंचीची दिसत. पण कापड रंगवता येई, आणि खेळाडूंनी रंगावरच आपली ओळख उभी केली. २००४ साली आलेल्या ‘सिटी ऑफ हीरोज’ने त्या काळी अद्भुत वाटावे असे वेशदालन उघडले. हा खेळ राजा-राक्षसांचा नव्हता, महानायकांचा होता, पण त्याने एक मूलभूत निर्णय घेतला: पोशाखाचा ताकदीशी संबंध तोडला. कुणीही काहीही घालावे, बळ तेवढेच राहील. त्याच वर्षीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने उलटा मार्ग धरला. तिथे चेहरे मोजके, आणि अंगावरचा साज म्हणजे तुमच्या पराक्रमाची जाहीर नोंद.

पुढच्या वीस वर्षांत चेहऱ्याची यंत्रणा कल्पनेपलीकडे वाढली. कोरियन ‘ब्लॅक डेझर्ट’मध्ये गालाचे हाड, पापणीची कड, ओठांचा कोपरा असे भाग थेट ओढून बदलता येतात. एकेक बट वळवता येते. तंत्र म्हणून हे थक्क करणारे आहे. कला म्हणून मात्र इथेच पहिली गफलत होते. खेळाडूंनी बनवलेले चेहरे या खेळातल्या सामायिक संग्रहात ठेवलेले असतात आणि कुणालाही ते आपल्या पात्रावर चढवता येतात. तो संग्रह चाळला की एकच चेहरा पुन्हापुन्हा भेटतो: निमुळती हनुवटी, मोठे डोळे, सुरकुतीचे नाव नाही. शिवाय प्रत्येक योद्धावर्गाचे लिंग आधीच ठरलेले. म्हणजे भुवईचा कोन बदलण्याची मुभा आहे, पण त्याच वर्गात म्हातारी, जाडजूड, थकलेली, रापलेली बाई घडवणे जवळजवळ अशक्य. तेरच्या कारागिराकडे साधने फारच थोडी होती, पण भेद कुठे करायचा याची जाण होती. स्लायडरांची संख्या वाढल्याने ती जाण आपोआप येत नाही.

दुसरी कसोटी तुळजापूरची. शारदीय नवरात्रात तुळजाभवानीच्या अलंकार महापूजा मांडल्या जातात. रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी अलंकार, भवानी तलवार अलंकार आणि महिषासुरमर्दिनी अलंकार. मूर्ती तीच, मुद्रा तीच, आणि तरी दररोज समोर नवे रूप उभे राहते. हे घडते कारण प्रत्येक रूपामागे एक प्रसंग आहे. सूर्याने आपला रथ देवीला दिला, श्रीकृष्णाने मुरली अर्पण केली, विष्णूने आपली शेषशय्या विश्रांतीला दिली, देवीने छत्रपती शिवाजी महाराजांना तलवार दिली, महिषासुराचा वध झाला. रांगेतल्या भाविकाला या कथा पाठ असतात. त्याला समोर दिसते ते घडलेल्या गोष्टीचे रूप. मुरली हातातून काढली तर रूप कमी सुंदर होत नाही, पण ते दुसरेच होते. साजातली प्रत्येक वस्तू आपल्या जागी का आहे, याचे उत्तर तिथे तयार असते.

या कसोटीवर गेमची वेशकला तपासली की तिचा सगळा इतिहास उलगडतो. ‘वॉरक्राफ्ट’च्या पहिल्या काळात साजाला कारण होते. खांद्यावरचे ते अवजड चिलखत कोणत्या गुहेतून, कुणाला मारून आले हे बघणाऱ्याला कळे. मात्र सगळे एकाच मार्गाने जात असल्याने सगळेच सारखे दिसू लागले. नोव्हेंबर २०११ मध्ये एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचे रूप चढवण्याची सोय आली. ‘फायनल फँटसी १४’ने २०१४ साली तीच वाट धरली आणि ‘गिल्ड वॉर्स २’नेही त्याच वर्षी मिळवलेल्या रूपांचे कपाट दिले. माझ्या मते या कलेतली ही सगळ्यात मोठी झेप आहे. त्या सोयीने खेळाडूला वेशभूषाकार बनवले. विस्मृतीत गेलेला जुना अंगरखा, एका मित्राने शिवून दिलेला पट्टा, शंभर प्रयत्नांनंतर हाती आलेला मुकुट असे जमवून स्वतःची कथा अंगावर मांडता येऊ लागली. या खेळांत आजही जी उत्तम रूपे दिसतात, त्यांच्यामागे बहुधा असा एखादा प्रसंग असतो.

मग दुकान आले. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ या एकट्याने खेळायच्या गेममध्ये घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले, तेव्हा लोक संतापले होते. आज त्याचेच रूढ चलन झाले आहे. ज्या मोबाइल खेळांवर आपल्या गावागावांतली पोरे वाढली, त्यांत ‘स्किन’ म्हणजे थेट विकत घ्यायची किंवा सोडतीत नशिबाने लागायची वस्तू. पैसे देऊन सुंदर वस्तू घेण्यात गैर काही नाही, कलावंताला मोबदला मिळालाच पाहिजे. आक्षेप वेगळा आहे. दुकानातल्या रूपाला खेळाच्या जगात काही कारणच नसते. आगीचे पंख, चमचमणारे शिंग, पाठीवर तरंगणारी पोथी कुठून आली, कुणी दिली, काय सोसून मिळाली, याला उत्तर नाही. त्यामुळे लक्ष वेधण्यासाठी त्याला प्रत्येक महिन्यात आणखी चकाकावे लागते. सोडतीमुळे हाव वाढते आणि डोळा बोथट होतो. बेल्जियमने २०१८ साली अशा काही सोडतपेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या. तो पैशांचा प्रश्न होता, पण रुचीचे नुकसानही तितकेच खरे आहे.

तिसरी कसोटी रस्त्यावरच्या रूपांची. या जिल्ह्यात गोंधळी, आराधी आणि पोतराज पाहिले नाहीत असा माणूस विरळा. गोंधळ्याचा पायघोळ झगा, संबळ, हातातली दिवटी. आराध्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ आणि परडी. पोतराजाचे मोकळे केस, कपाळभर कुंकू, कमरेला रंगीत चिंध्यांचा घेर, पायांत घुंगरू, हातात कोरडा. ही रूपे गल्लीच्या टोकावरून ओळखू येतात. खेळाडू आपले पात्र बहुतेक वेळ पाठीमागून, तेही मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पाहतो. अशा वेळी पापणीच्या कडेपेक्षा एकूण आकृती महत्त्वाची ठरते. कमरेचा घेर, डोक्याचा आकार, हातातली वस्तू एवढ्यावर माणूस ओळखू यावा, ही विद्या पोतराजाच्या पोशाखात पूर्णत्वाला गेलेली आहे.

पण या कसोटीला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. माळ घातली की जोगवा आला, नेम आला. रूपासोबत कर्तव्य आले, आणि पुष्कळदा ते जन्माने लादलेले होते. पोतराजाचे केस नवसाने वाढवलेले असत, त्याच्या अंगावरचे वळ खरे असत. महाराष्ट्रातल्या दलित चळवळीने ही प्रथा सोडण्याचा आग्रह धरला आणि अनेकांनी ते केस कापले. रूप उतरवणे हीदेखील मुक्ती असते, हे इथल्या माणसांनी किंमत मोजून मिळवलेले ज्ञान आहे. ऑनलाइन गेमचे मोठेपण याच ठिकाणी मान्य करायला हवे. तिथे कुणीही कोणतेही रूप घेतो आणि नको झाले की सोडतो, जात विचारली जात नाही. मुलगा बाईचे पात्र घेऊन वर्षानुवर्षे खेळतो. घराबाहेर पडू न शकणारी मुलगी सेनापती होते. ‘फायनल फँटसी १४’मध्ये २०२४ साली चित्रणाची यंत्रणा बदलली, तेव्हा आपल्या पात्राचा चेहरा परका झाल्याची तक्रार अनेकांनी केली आणि कंपनीला पुढे दुरुस्त्या कराव्या लागल्या. स्वखुशीने घेतलेल्या रूपावर माणूस किती जीव लावतो, याचा हा पुरावा आहे.

मात्र हे स्वातंत्र्य सर्वांसाठी सारखे नाही. आपल्यासारखे दिसायचे असेल तर अडते. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये माणसांच्या त्वचेच्या आणि केसांच्या पर्यायांत भरीव वाढ झाली ती २०२० साली, म्हणजे सोळा वर्षांनी. अजूनही कित्येक खेळांत सावळा रंग घेतला की चेहरा राखाडी पडतो, कारण त्वचेवरच्या उजेडाचे गणित गोऱ्या कातडीवर बसवलेले असते. वस्त्रांचे तर विचारूच नका. चिनी झगे, जपानी किमोनो, युरोपी चिलखते ढिगाने मिळतात. नऊवारी नाही, फेटा नाही, घोंगडी नाही, कवड्यांची माळ नाही. ‘भारतीय’ म्हणून मिळते ते बहुधा पोटावर दागिने लटकवलेले नर्तकीचे वस्त्र. तांत्रिक अडचण आहे, ही सबब पुरती खरी नाही. पायघोळ झग्यात पात्र धावू लागले की गुडघे कापडातून बाहेर येतात, ही जुनी डोकेदुखी आहे. कासोट्याच्या नऊवारीत दोन्ही पाय वेगळे बांधलेले असतात, म्हणून सांगाड्याच्या हालचालीला ती झग्यापेक्षा सोयीची पडेल. धावणे, घोड्यावर बसणे, तलवार चालवणे सगळे त्यात शक्य आहे. कापडाची खरी कसरत उरते ती पदरापुरती. फेट्याखाली केस झाकायचे तंत्र तर शिरस्त्राणांसाठी केव्हाच तयार आहे. अडते आहे ते फक्त कुणी मनावर घेतले नाही म्हणून.

मनावर घेणारे निघाले की काय होते तेही दिसले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ आणला. त्यातली नायिका, तिची भित्तिचित्रांसारखी कथाचित्रे आणि किल्ले पाहून जगभरच्या खेळाडूंना हे जग नवे वाटले. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ साली ‘इंडस’मध्ये भविष्यातल्या भारताची पात्रे घडवली. पण ‘राजी’ एकट्याने खेळायचा खेळ, त्यात नायिका ठरलेली. ‘इंडस’ गोळीबाराचा खेळ, त्यात रूप म्हणजे पुन्हा स्किनच. ज्यात हजारो माणसे एकत्र नांदतात आणि प्रत्येकाला आपले रूप आपल्या मातीतून उभे करता येते, असा मराठी माणसांनी घडवलेला फँटसी खेळ अजून यायचा आहे.

एक इशाराही द्यायला हवा. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी ‘सिटी ऑफ हीरोज’चे सर्व्हर बंद झाले आणि आठ वर्षांत लोकांनी रचलेली असंख्य रूपे अधिकृत जगातून एका दिवसात गेली. पुढे चाहत्यांनी तो खेळ जिवंत केला आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांच्या एका गटाला मूळ कंपनीचा परवानाही मिळाला. पण प्रत्येक खेळाचे दैव असे नसते. तेरच्या मातीला दोन हजार वर्षे टिकता आले, कारण ती कुणाच्या मालकीच्या यंत्रात कोंडलेली नव्हती. खेळाडूने घडवलेले पात्र त्याला स्वतःजवळ उतरवून ठेवता आले पाहिजे, ही मागणी आता खेळाडूंनी लावून धरायला हवी.

सारांश असा की या कलेचा हात पक्का झाला आहे, पण डोळा अजून तयार व्हायचा आहे. तिच्याकडे साचे आहेत, रंग आहेत, निवडीचे स्वातंत्र्य आहे. कमी आहे ती कारणाची. तंत्र शिकणाऱ्या धाराशिवच्या मुलामुलींना माझे सांगणे आहे की त्रिमितीय आकार घडवण्याचे ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि तेरचे संग्रहालय जवळ आहे. तिथल्या केशरचना वहीत उतरवा, गोंधळ्याच्या झग्याची शिवण त्याच्याच माणसांकडून समजून घ्या, नऊवारी नेसलेल्या आजीची चाल पाहा आणि मग सांगाड्यावर कापड चढवा. कुणाचे रूप घेताना त्याने ते कशापायी धारण केले आणि कशापायी सोडले, हेही विचारा. जगातल्या खेळांना आज आणखी हजार पोशाखांची नड नाही. ज्यांचे उत्तर देता येईल असे दहा पोशाख या जिल्ह्यातून गेले, तरी ही कला एक पायरी वर चढेल.