शेमस एनिस यांची रोजनिशी : ग्रंथपरीक्षण

साधन हातीं आलें कीं तें कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं व कसें मिळालें हें प्रथम टिपून ठेवावें, हा दंडक आमच्या पोथीसंग्राहकांस नवा नाहीं. गाण्यांच्या बाबतींत मात्र तो क्वचितच पाळला जातो. म्हणून आयरिश वादक शेमस एनिस (१९१९–१९८२) यांच्या १९४२ ते १९४६ पर्यंतच्या प्रवासाच्या रोजनिशीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधितों. रीनाख ई ओगॉन यांनीं संपादिलेली ही रोजनिशी मूळ आयरिश भाषेंत २००७ सालीं व इंग्रजी भाषांतररूपानें २००९ सालीं प्रसिद्ध झाली.

एनिस डब्लिन परगण्यांतले. कोपराखालीं भाता दाबून वाजवावयाचे आयरिश पाइप हें त्यांच्या वडिलांचें वाद्य, तेंच त्यांचें झालें. थ्री कँडल्स छापखान्यांत असतां ते स्वरलेखन शिकले. १९४२ सालीं आयरिश लोकविद्या आयोगानें त्यांस संग्राहक नेमिलें, आणि ते कागद-लेखणी घेऊन सायकलीवरून हिंडूं लागले.

त्यांची योग्यता कळण्यास एडवर्ड बंटिंगचें उदाहरण पाहावें. १७९२ सालीं बेलफास्टच्या मेळाव्यांत वृद्ध वीणावादकांचे स्वर उतरून घेणारा हा पहिला मोठा संग्राहक. पण त्यास आयरिश भाषा येत नव्हती. १८०२ सालीं पॅट्रिक लिंच यास पश्चिमेकडे पाठवून शब्द जमविले खरे, परंतु १८०९ च्या ग्रंथांत ते वगळून इंग्रजी पद्यें छापलीं! स्वर व शब्द यांची ही ताटातूट डोनल ओ'सलिव्हन यांनीं १९२७ पासून बंटिंगचीं हस्तलिखितें संपादून दूर करावयास घेतली. एनिसांच्या ठायीं वादकाचा कान व भाषेचें ज्ञान हीं एकत्र आहेत. कॉनेमारांतील ग्लिन्स्का येथील कोलम ओ कीऑन या एकट्या गायकाकडून त्यांनीं दोनशेंहून अधिक गाणीं व इतर बाबी मिळविल्या. एवढा सांठा एका बैठकींत हातीं येत नाहीं. त्यामागची ये-जा व स्नेह रोजनिशींत दिसतो.

पुढें एनिस १९४७ सालीं रेडिओ एरनमध्यें व १९५१ सालीं बी. बी. सी. मध्यें गेले आणि यंत्रानें ध्वनिमुद्रण करूं लागले. मुद्रिका असतां रोजनिशी कशास, असें कोणी म्हणेल. आम्हांस हें मान्य नाहीं. मुद्रिका गाणें देते. गाणाऱ्यानें तें कोणासाठीं व किती आग्रहानंतर म्हटलें, हें ती सांगत नाहीं.

भाषांतराविषयीं मात्र आमची तक्रार आहे. एनिसांस गांवोगांवच्या बोली अवगत होत्या, आणि बोलीचा भेद हा स्वतःच पुरावा होय. इंग्रजींत तो उरत नाहीं. ज्यांस आयरिश येतें त्यांनीं २००७ चें पुस्तकच हाताशीं ठेवावें. आयोगाचा संग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत आहे.